वेढ्यातली रोटी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा पुण्याहून आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक पाव होता. जड, तपकिरी, हातात घेतला तर विटेचा तुकडा वाटावा असा. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले होते, अंकुरित धान्यांचा पाव. किंमत आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या पावाच्या तिप्पट. "अब्बा, तुमच्या शुगरसाठी आणलाय," मुलगा म्हणाला. त्याच्या आईने पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मोड आलेल्या गव्हाला एवढे पैसे?"

प्रश्न तिचा होता, पण माझ्या डोक्यात राहिला तो. मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला इतिहास होता एवढेच काय ते शास्त्र. पण मोड म्हटले की मला अम्मा आठवते. मटकी रात्रभर भिजवायची, सकाळी निथळून जुन्या पंचात घट्ट बांधायची आणि ते गाठोडे खुंटीला लटकवायचे. थंडीत मोड यायला उशीर व्हायचा, म्हणून ती गाठोडे चुलीच्या उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी पंचाच्या विणीतून पांढरी शेपटे बाहेर डोकावायची. मिरजेत आमच्या गल्लीत कुलकर्ण्यांच्या घरी, आमच्या घरी, पलीकडच्या जैनांच्या घरी, सगळीकडे तीच खुंटी आणि तोच पंचा. त्या वेळी कुणी त्याला 'अंकुरित' म्हणत नव्हते. त्यामुळे ते महागही नव्हते.

गव्हाचे मोड मात्र आमच्या घरात वेगळ्या वाटेने आले. अजमेरच्या उर्साहून कुणी परतले की सोहन हलव्याची चकती यायची. दातांना चिकटणारा, तुपाने माखलेला. अम्मा सांगायची, खऱ्या सोहन हलव्यात समनक पडते. समनक म्हणजे मोड आणून, वाळवून दळलेला गहू. इराणात, अफगाणिस्तानात, उझबेकिस्तानात नवरोजच्या दिवसांत याच गव्हाच्या मोडांचा समनू किंवा सुमलक करतात. मोड वाटायचे, त्यांचे दूध गाळायचे, मोठ्या कढईत पीठ घालून बायकांनी आळीपाळीने रात्रभर ढवळायचे. साखरेचा कण घालत नाहीत, तरी सकाळी तो पदार्थ गोड होतो. लहानपणी ही मला करामतच वाटे. ती करामत गव्हाच्याच पोटात असते. दाणा भिजला की झोपलेली पाचकद्रव्ये जागी होतात आणि कोंबाला खाऊ म्हणून पिष्टाची साखर करू लागतात. आमच्याकडे नाचणीचे सत्त्व याच कारणाने बाळाला पचते. मोडाच्या पिठाची पेज पातळ होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसते आणि बाळाच्या पोटात जास्त अन्न जाते. १९८०च्या दशकात बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर रीतसर काम केले, तेव्हा आजीबाईंच्या सत्त्वाला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला.

पण हे झाले सत्त्व आणि हलवा. मोडाचा पाव कुठून आला?

आज जगभर मोडाच्या पावाचे जे सर्वांत प्रसिद्ध नाव आहे ते अमेरिकेतले. कॅलिफोर्नियात १९६४ साली सुरू झालेल्या एका बेकरीने आपल्या पावाला यहेज्केल या संदेष्ट्याचे नाव दिले, तेही अध्याय आणि ओवीच्या आकड्यासकट. बायबलच्या जुन्या करारात यहेज्केलच्या चौथ्या अध्यायात गहू, जव, शेंगदाणे (हे आपले भुईमुगाचे नव्हेत, कडधान्याच्या शेंगांतले), मसूर, बाजरीसारखे बारीक धान्य आणि एक जातीचा खपली गहू एका भांड्यात घेऊन भाकरी करण्याची आज्ञा आहे. बेकरीने तीच सहा धान्ये घेतली, त्यांना मोड आणले. शेंगांच्या जागी मात्र सोयाबीन घातले. सोयाबीन चीनकडचे पीक, यहेज्केलच्या मुलुखात ते कुणी पाहिलेलेही नव्हते. असो, बेकरीवाल्याला एवढी सूट देऊ.

मी कुतूहलाने मराठी बायबल काढून तो अध्याय वाचला. वाचून गप्प बसलो. त्यात मोडांचा उल्लेख नाही. आरोग्याचाही नाही. ती भाकरी वेढ्यातली आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबिलोनच्या राजाने यरुशलेमच्या लोकांना कैद करून नेले, त्यांत हा यहेज्केल होता. मागे राहिलेल्या शहराला पुन्हा वेढा पडणार आणि लोक उपाशी मरणार, हे कैद्यांना दाखवण्यासाठी त्याला ते अन्न खायला सांगितले गेले. जे सापडेल ते धान्य एकत्र करायचे, कारण एका धान्याची भाकरी पुरणार नाही. रोजचे माप वीस शेकेल, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण पाव किलोच्या आतच. पाणीही मोजून. आणि सरपण म्हणून माणसाची विष्ठा वापरायची. त्यावर तो बिचारा काकुळतीला आला, आजवर मी कधी बाटलो नाही म्हणाला, तेव्हा शेणाची परवानगी मिळाली. गोवऱ्यांवर भाकरी भाजलेल्या आपल्या माणसाला ती सूट किती मोठी होती हे सांगायला नको. आमच्या परंपरेत कुराणात दोनदा उल्लेख आलेले जुल्किफ्ल ते हेच, असे काही भाष्यकार मानतात. इराकमध्ये हिल्ला शहराच्या दक्षिणेला अल-किफ्ल गावात त्यांची कबर दाखवतात. ज्यू आणि मुसलमान दोघेही तिथे माथा टेकत आले.

म्हणजे उपासमारीची जी आज्ञा होती, ती अडीच हजार वर्षांनी पोट भरलेल्या देशात पौष्टिक आहार म्हणून विकली जाऊ लागली. मोडाच्या पावाचे दुसरे नाव 'एसीन' पाव. त्याची कथा तर याहून गमतीची. एडमंड बोर्डो झेकेली नावाच्या हंगेरियन वंशाच्या लेखकाने दावा केला की व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आपल्याला एसीन पंथाचे प्राचीन हस्तलिखित सापडले. त्यात येशूच्या तोंडी मोड आलेले गहू कुटून, उन्हात पातळ पापुद्रा भाजण्याची कृती आहे. ते हस्तलिखित कुणा अभ्यासकाला आजवर पाहायला मिळालेले नाही, आणि ते बनावट आहे असेच जाणकार मानतात. पण झेकेली आणि त्याच्या पत्नीने १९४० साली मेक्सिकोच्या सीमेवर काढलेले आरोग्यधाम चांगले चालले. पुढे अमेरिकेतल्या तरुणांनी १९६० आणि ७०च्या दशकांत कारखान्याच्या पांढऱ्या ब्रेडविरुद्ध बंड केले, तेव्हा त्यांना ही कृती आयती मिळाली. त्यांचे बंड मला खोटे वाटत नाही. कोंडा आणि अंकुर काढून टाकलेल्या मैद्याचा कापसासारखा ब्रेड बघून कुणालाही वाटेल की यापेक्षा काहीतरी बरे हवे.

आता वेढ्यावरून मला दुसरा वेढा आठवतो. तो आपल्या अगदी जवळचा आहे.

यहेज्केल ज्या मुलुखात कैदी होता, त्याच तैग्रिस-युफ्रेटिसच्या दोआबात कूत नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादकडे निघाली, मार खाऊन मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूतमध्ये तुर्कांच्या वेढ्यात सापडली. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरे. मुसलमान शिपाईही पुष्कळ, आणि समोर खलिफाचे सैन्य. त्यांच्या मनाची काय ओढाताण झाली असेल ती वेगळी गोष्ट. वेढा १४७ दिवस चालला. भाजी संपली, धान्य मोजून मिळू लागले आणि घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सोल्जरांनी घोड्याचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, बहुतेकांनी नाकारले. टाउनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली, ती आलीही. पण गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, ही भीती तारेने जात नाही.

मग एक विलक्षण गोष्ट झाली. एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन वेगळे रोग पसरले. गोऱ्यांना बेरीबेरी झाली, कारण त्यांचा ब्रेड पांढऱ्या पिठाचा होता. हिंदी शिपाई कोंड्यासकट आटा खात होते, त्यांना बेरीबेरी झाली नाही. पण ताजे मांस नाही आणि भाजीही नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाली. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा उघडतात. पांढरे पीठ संपले आणि गोऱ्यांनाही जवाचे जाडे पीठ मिळू लागले, तेव्हा त्यांची बेरीबेरी हटू लागली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. कैदेत नेताना आणि कैदेत किती मेले, ते वाचवत नाही.

स्कर्व्ही कूतपुरती नव्हती. मेसोपोटेमियातल्या बाकीच्या हिंदी फौजेतही ती पसरली होती. त्या वेळी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक ही बाई याच प्रश्नावर काम करत होती. कोरड्या डाळींत स्कर्व्ही रोखणारे काही नसते, पण त्याच डाळींना मोड आणले की ते द्रव्य तयार होते, हे तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले. त्या द्रव्याला पुढे 'सी' जीवनसत्त्व हे नाव मिळाले. तिची शिफारस काय होती? अख्खी कडधान्ये दिवसभर भिजवा, मग ओलसर गोणपाटात एक-दोन दिवस ठेवून मोड आणा आणि फार न शिजवता खायला द्या. अम्माच्या खुंटीवरचा पंचा! ज्यांच्या घरी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्याच मुलांसाठी ती लंडनमार्गे इराकला पोचवावी लागली. चिकबाई १०२ वर्षे जगल्या, १९७७ मध्ये गेल्या.

मोडांचा महिमा इथे खरा ठरला. पण इथेच एक मेख आहे, आणि पाव विकत घेणाऱ्याने ती लक्षात ठेवायला हवी. ती समजावी म्हणून आणखी दीडशे वर्षे मागे जाऊ.

अठराव्या शतकात दर्यावर्दी स्कर्व्हीने मरत. जेम्स लिंड नावाच्या आरमारी डॉक्टरने १७४७ साली बारा खलाश्यांवर प्रयोग केला आणि संत्री-लिंबे खाणारे दोघे भराभर बरे झालेले पाहिले. एवढ्यावर काम व्हायला हवे होते. पण डब्लिनच्या मॅकब्राइड नावाच्या डॉक्टरने सिद्धान्त मांडला की मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा काढा हाच खरा उपाय. आरमाराला तो आवडला, कारण माल्ट स्वस्त आणि टिकाऊ. कॅप्टन कुक १७६८ मध्ये एन्डेव्हर जहाज घेऊन निघाला, त्यात माल्टची पिंपे भरली होती. तीन वर्षांच्या सफरीत त्याने स्कर्व्हीने माणूस मरू दिला नाही आणि माल्टची वाहवा केली. खरे तर तो प्रत्येक किनाऱ्यावर उतरून हिरवा पाला गोळा करायला लावी, आंबवलेली कोबी खायला लावी. पण कुकचा शब्द तो कुकचा शब्द. लिंबाचा रस आरमारात सर्रास मिळायला १७९५ साल उजाडावे लागले.

माल्टला मोड तर होते, मग त्याने काम का केले नाही? कारण ते वाळवताना भट्टीत तापवत. 'सी' जीवनसत्त्व नाजूक असते, उष्णतेपुढे टिकत नाही. ताजा मोड आणि भाजलेला मोड, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आणि पाव तर दोनशे अंशांच्या भट्टीतून येतो. तेव्हा ताज्या मटकीचे सगळे गुण पावाच्या पाकिटावर लिहिणारा माणूस कुकचीच चूक पुन्हा करतो, फरक एवढाच की कुक प्रामाणिक होता.

पावात काहीच उरत नाही असे मात्र नाही. धान्यात फायटिक आम्ल असते, ते लोह आणि जस्त यांना धरून ठेवते. मोड येताना ते काही प्रमाणात मोडते, म्हणून लोह अंगी लागायला मदत होते. फोलेट वाढते. अख्खा दाणा वापरला तर कोंडा राहतो. ज्यांना गव्हाचे ग्लुटेनच चालत नाही, त्यांनी मात्र फसू नये. मोड आल्याने ते जात नाही, उलट मोडाचा पाव विसविशीत होऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी वरून ग्लुटेन घालतात.

आणि शुगर? मूठभर लोकांवर छोटे प्रयोग झाले आहेत. त्यांत पांढऱ्या पावापेक्षा मोडाच्या पावाने रक्तातली साखर थोडी कमी चढली असे दिसले. तुलना पांढऱ्या पावाशी आहे, ज्वारीच्या भाकरीशी नाही. आणि 'थोडी कमी चढते' म्हणजे 'उतरते' नव्हे.

हे मी एवढे अट्टाहासाने सांगतो, त्याला कारण आमचे मामू. एस.टी.त चालक म्हणून निवृत्त झाले, तब्येत दणकट, पण वीस वर्षांची शुगर. एका आरोग्य प्रदर्शनात एका स्टॉलवाल्याने त्यांना सांगितले की अंकुरित पाव आणि रोज सकाळी गव्हांकुराचा रस घ्या, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. मामूंनी तीन महिने वाट पाहिली नाही. फोनवर मला अभिमानाने म्हणाले, "मैं गोल्या छोड दिया." मी पण मूर्ख, "अच्छा?" म्हणून मोकळा झालो. पायाला चप्पल लागून फोड आला तेव्हा त्यांनी लक्ष दिले नाही, दुखतच नव्हते ना. दवाखान्यात नेले तोवर दोन बोटे काढावी लागली. त्या 'अच्छा'ची बोच माझ्या मनातून जात नाही.

नंतर वाचनात आले की हा दावाही जुनाच. गव्हांकुराच्या रसाचा प्रचार अमेरिकेत बोस्टनच्या ॲन विगमोर या बाईने केला. लिथुआनियात जन्मलेली, मोडांवर पुस्तक लिहिणारी. पानातले हरितद्रव्य आणि आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन यांची ठेवण सारखी, म्हणून तो रस म्हणजे हिरवे रक्त, असा हा युक्तिवाद. ठेवण सारखी आहे खरी, पण एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या मध्यभागी लोह आहे. आपल्या उपचाराने मधुमेहींचे इन्शुलिन कमी होते किंवा सुटते असे ती म्हणू लागली, तेव्हा १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ॲटर्नी जनरलने तिच्यावर खटला भरला आणि तिला तो दावा मागे घ्यावा लागला. दावा बोस्टनमध्ये मागे घेतला गेला, पण आमच्या भागातल्या प्रदर्शनाच्या मांडवात तो अजून फिरतो आहे.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खटकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात अवकाळी पाऊस लागून राहिला. शेंगांतल्या सोयाबीनला, कणसांतल्या ज्वारी-बाजरीला, मक्याला शेतातच कोंब फुटले. ढिगातल्या काळ्या पडलेल्या कणसातून हिरवे कोंब वर आलेले फोटो तुम्हीही वर्तमानपत्रात पाहिले असतील. असा माल व्यापारी नाकारतो किंवा मातीमोल भावाने घेतो. गव्हाचेही तसेच. कणसात मोड आलेल्या गव्हाचे पीठ चिकट होते, पाव आतून ओला गोळा राहतो. मोठ्या गिरण्यांमध्ये यासाठी हॅगबर्ग नावाची कसोटीच असते. पिठाचे पाणी तापवायचे, त्यात दांडी सोडायची आणि ती तळाला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. लवकर पोचली तर मोड आले होते. शेतात, पावसात आलेल्या मोडावर बुरशी असते, तो ताब्यात नसतो, आणि कारखान्यातला मोड मोजूनमापून आणलेला असतो, हे मला कळते. तरीही मोडाने शेतकरी बुडतो आणि मोडानेच पाकिटाची किंमत तिप्पट होते, हे पाहून हात थबकतो.

तर मुलाने आणलेला पाव. चष्मा लावून आम्ही दोघांनी पाकिटाची मागची बाजू वाचली. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे जास्त ते आधी. पहिला घटक मैदा होता. मग पाणी, मग गव्हाचा आटा. मोड आलेली धान्ये यीस्टच्या जरा वर होती. तपकिरी रंग कॅरॅमलचा. मुलगा खट्टू झाला. पुढच्या वेळी त्याने दुसऱ्या बेकरीचा आणला. त्यात पहिला घटक मोड आलेला अख्खा गहूच होता आणि मैदा नव्हता. तो भाजल्यावर खमंग लागला. किंचित गोडसर, समनकची आठवण करून देणारा. नोकरीच्या गावी एकट्याने राहणाऱ्या, सकाळी भाकरी थापायला वेळ नसलेल्या पोराने असा पाव घेतला तर त्याचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. त्याला तसे सांगितलेही. माझ्यासाठी आणू नको म्हणालो. एका भाकरीबरोबर वाटीभर मटकीची उसळ मला त्याहून स्वस्त पडते, आणि तिच्यावर लिंबू पिळले की स्कर्व्हीचीही काळजी नको.

मामू हल्ली गोळ्या वेळेवर घेतात. परवा भेटायला गेलो तर त्यांनीही मटकी बांधून खुंटीला लावली होती. पंचा नव्हता, एस.टी.तल्या खाकी शर्टाची बाही कापून तिची पिशवी शिवली होती.